शीतन व वायुवीजन, वाहतूक स्थानकांचे

वाहतूक स्थानकांचे शीतन व वायुवीजन : रेल्वे व बस स्थानके, आगारे, मार्गावरील फाटकघरे आणि प्रत्यक्ष प्रवासी डबे व गाड्या यांतील हवा माणसांच्या व यंत्रसामग्रीच्या दृष्टीने सुसह्य राखण्याची व्यवस्था आणि त्या व्यवस्थेची निगा यांचा विचार या विषयात होतो. हवेचे तापमान कमी करणे म्हणजे शीतन, ते वाढविणे म्हणजे तापन आणि वापरलेली हवा बाहेर घालवून तिच्या जागी ताजी हवा आणणे म्हणजे वायुवीजन होय. तापमान, आर्द्रता, स्वच्छता व गती या चारही गोष्टींचे एकाच वेळी नियंत्रण केले, तर त्यास वातानुकूलन म्हणतात. थंड देशांतील तांत्रिक ग्रंथांत तापनाला अग्रस्थान असते. विदर्भात ते शीतनाला द्यावे लागते. प्रस्तुत नोंदीत भंडारा जिल्हा उदाहरणादाखल घेतला आहे. अत्यंत कोरडा व तप्त उन्हाळा आणि त्याला लागूनच येणारा दमट पावसाळा अशा दोन परस्परविरुद्ध ऋतूंना येथील स्थानकांना एकाच सामग्रीनिशी तोंड द्यावे लागते, आणि ही सामग्री उपयोगी पडेल की नाही हे तिच्या किंमतीपेक्षा तिच्या निगेवर अधिक अवलंबून असते.

जिल्ह्यातील वाहतूक स्थानके : मुंबई-नागपूर-हावडा हा लोहमार्ग भंडारा जिल्ह्यातून जातो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत आला. नागपूरच्या पूर्वेस राजनांदगावकडे जाणारा मीटरमापी मार्ग १८८० नंतरच्या काही वर्षांत बांधण्यात आला व १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो आपल्याकडे घेऊन रुंदमापी केला. हल्ली हा मार्ग दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात मोडतो. भंडारा रोड हे स्थानक भंडारा शहरात नसून काही किमी. अंतरावरील वरठी येथे आहे. त्यामुळे रेल्वेने येणाऱ्या-जाणाऱ्या शहरवासीयाला भर उन्हात आणखी एक रस्त्यावरचा प्रवास करावा लागतो. तुमसर रोड येथून तिरोडीकडे जाणारा फाटा मॅंगॅनीज खाणींच्या प्रदेशात शिरतो. राज्य मार्ग परिवहन महामंडळाचे भंडारा येथे विभागीय कार्यालय असून भंडारा, तुमसर, साकोली, पवनी इ. ठिकाणी आगारे आहेत. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्र. ६ (नव्या क्रमांकनानुसार ५३) भंडारा, लाखनी व साकोली या गावांवरून जातो.

उष्म्याचे स्वरूप व धोका : मे महिन्यात येथील दुपारचे कमाल तापमान सामान्यतः ४२°–४३° से. च्या आसपास असते व सापेक्ष आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. शेजारच्या नागपुरात मे २०१३ मध्ये ४७.९° से. तापमानाची नोंद झाली. भारतीय हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात तापमान ४५° से. किंवा त्याहून अधिक झाल्यास उष्णतेची लाट व ४७° से. झाल्यास तीव्र लाट मानतात. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यानंतरच्या नऊ दिवसांना या भागात नवतपा म्हणतात.

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात सुमारे १०० वॉट इतकी उष्णता सतत निर्माण होत असते व ती बाहेर टाकली गेली तरच शरीराचे तापमान स्थिर राहते. त्वचेचे तापमान ३५° से. च्या आसपास असते. भोवतालची हवा याहून उष्ण झाली की, संनयन व प्रारण या वाटांनी उष्णता बाहेर जाण्याऐवजी शरीरात येऊ लागते आणि घामाचे बाष्पीभवन हाच एक उपाय उरतो. त्यासाठी पाणी लागते. पाणी न मिळाल्यास किंवा वृद्धत्व, आजार, बाल्यावस्था यांमुळे शरीराची ही यंत्रणा अपुरी पडल्यास शरीराचे आंतरिक तापमान ४०° से. च्या वर जाऊन उष्माघात होतो. लोकभाषेत यास ‘ऊन लागणे’ म्हणतात. या शब्दामुळे मात्र एक गैरसमज पसरतो. प्रत्यक्ष ऊन अंगावर न घेताही, तापलेल्या पत्र्याखाली अथवा उभ्या डब्यात बसून माणसाला उष्माघात होऊ शकतो. जून २०१९ मध्ये केरळ एक्सप्रेसच्या बिनवातानुकूलित डब्यातून प्रवास करणारे चार वयस्क यात्रेकरू झाशीच्या परिसरात उष्म्याने दगावले. ते सर्व छपराखाली, आपापल्या आसनांवर होते.

पूर्वेतिहास : ओल्या वाळ्यातून वारा घेऊन घर थंड करण्याची रीत भारतात जुनी आहे. वाळ्याच्या मुळ्यांच्या ताट्या विणून त्या दारा-खिडक्यांत बसवीत व त्यांवर वरचेवर पाणी शिंपडीत. वारा पडलेला असताना ही योजना निरुपयोगी ठरे. म्हणून एकोणिसाव्या शतकात हाताने फिरवावयाच्या पंख्याला वाळ्याच्या ताट्या जोडून ‘थर्मँटिडोट’ नावाचे अवजड यंत्र प्रचारात आले. आजच्या कूलरचे ते थेट पूर्वज होय. त्यात विद्युत् चलित्राच्या जागी माणूस होता, एवढाच भेद. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांसाठी साँडर्स यांच्या पद्धतीची वायुशीतन व्यवस्था १८७२ च्या सुमारास योजण्यात आली. पुढे बर्फाच्या लाद्यांवरून हवा नेऊन डबे थंड करण्याचे प्रयोग झाले आणि १९३० नंतरच्या दशकात यांत्रिक वातानुकूलन असलेले डबे भारतीय लोहमार्गांवर धावू लागले. संपूर्ण वातानुकूलित गाडी १९५६ मध्ये हावडा व दिल्ली यांदरम्यान सुरू झाली. या सर्व सोयी वरच्या वर्गासाठी होत्या. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशासाठी शीतन म्हणजे फलाटावरील झाड, पाणपोईतला रांजण आणि चालत्या गाडीचा वारा.

जुन्या स्थानकांच्या बांधणीत मात्र सर्वांच्या उपयोगी पडेल असे बरेच शहाणपण होते. जाड भिंती, उंच छत, छतालगतचे झरोके आणि सभोवती खोल पडवी ही या इमारतींची लक्षणे होत. जाड भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषून घेते व रात्री बाहेर टाकते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व झरोक्यांतून निघून जाते, तिच्या जागी पडवीच्या सावलीतील हवा खालच्या दारांतून आत येते. यासाठी वीज लागत नाही. निगा मात्र लागते. झरोक्यांच्या काचा रंगाने चिकटून बसणे, कबुतरांनी घरटी केल्यामुळे त्यांवर जाळी अथवा पत्रा ठोकणे, पडवीचा भाग भिंत घालून कार्यालयास जोडणे, खोटे छत टाकून उंची कमी करणे या गोष्टी हळूहळू होत जातात आणि मग इमारत ‘पूर्वीसारखी थंड राहत नाही’ अशी तक्रार ऐकू येते.

बाष्पनशीतक (कूलर) : विदर्भातील स्थानकांत शीतनाचे मुख्य साधन हेच आहे. पत्र्याची चौकट, तिच्या तीन बाजूंस वूड वूलच्या अथवा वाळ्याच्या ताट्या, तळाशी पाण्याची टाकी, पाणी वर चढविणारा लहान पंप आणि चौथ्या बाजूने हवा आत फेकणारा पंखा एवढीच त्याची रचना असते. अलीकडे वूड वूलऐवजी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या रचनेचे कागदी पॅडही वापरतात. पाण्याची वाफ होण्यास लागणारी सुप्त उष्णता हवेतून घेतली जाते व हवा थंड होते. हवेच्या तापमानात दर किग्रॅ. पाण्यामागे ही उष्णता सुमारे २,४०० किलोजूल इतकी असते.

या रीतीने हवा किती थंड होऊ शकेल, याची निसर्गाने घातलेली मर्यादा म्हणजे ओल्या फुग्याच्या तापमापकाने दाखविलेले तापमान होय. हवा ४३° से. व सापेक्ष आर्द्रता २० टक्के असताना हे तापमान सु. २५° से. भरते, म्हणजे १८ अंशांचा वाव मिळतो. ताट्या नव्या, सारख्या भिजलेल्या व दाट असतील, तर या वावापैकी सुमारे ८० टक्के साधतो व हवा २८°–२९° से. ला बाहेर पडते. त्याच ताट्या क्षाराने कडक झाल्या, मधे खचून त्यांत भोके पडली किंवा पाण्याची नळी तुंबून अर्धा भाग कोरडा राहिला, तर हे प्रमाण ५० टक्क्यांवर येते व बाहेर येणारी हवा ३४° से. असते. पंखा तसाच फिरतो, आवाज तितकाच होतो, वीजही जवळजवळ तेवढीच जळते. फरक फक्त समोर बसलेल्याला कळतो. कोरड्या भोकातून तप्त हवा सरळ आत येत असल्याने लहानसे भोकही मोठे नुकसान करते.

ताशी ३,००० घ. मी. हवा फेकणारा मध्यम आकाराचा कूलर अशा दुपारी ताशी सुमारे २० लि. पाणी हवेत सोडतो. दहा तासांत हे २०० लि. होते. स्थानकाच्या पाणीपुरवठ्यात या मागणीची तरतूद केलेली नसेल, तर दुपारी दोननंतर टाकी कोरडी पडते. त्यानंतर कूलर हे तप्त वारा फेकणारे यंत्र बनते व ते बंद केलेले बरे. टाकीत पाण्याची पातळी राखणारी तरंगती झडप बसविली असल्यास माणसाच्या आठवणीवर विसंबावे लागत नाही; तिची किंमत अल्प असते आणि तरीही ती पुष्कळ ठिकाणी आढळत नाही.

वाफ होते ती शुद्ध पाण्याची. त्यातील क्षार मागे राहतात. विंधन विहिरीच्या पाण्यात दर लिटरला अर्धा ग्रॅम क्षार आहेत असे धरल्यास २०० लि. पाण्यामागे रोज १०० ग्रॅम व साठ दिवसांच्या हंगामात ६ किग्रॅ. क्षार एका कूलरमध्ये साचतो. ताट्यांवरील पांढरी खरपुडी ती हीच. उपाय सोपा आहे : टाकीतील पाणी नुसते वरून भरत न राहता दर दोन-तीन दिवसांनी तळाची बूच काढून ते संपूर्ण सोडून द्यावे. नदीचे अथवा तलावाचे पाणी वापरीत असल्यास क्षार कमी, पण गाळ व शेवाळ अधिक असते. तेथे पंपाच्या तोंडाशी जाळी हवी.

कूलरने आत आणलेली हवा बाहेर जाण्यास वाट ठेवली नाही, तर तो निरर्थक ठरतो, ही गोष्ट वातानुकूलित खोलीच्या सवयीमुळे लोक विसरतात. खोली थंड राहावी म्हणून दारे-खिडक्या लावून घेतल्या की, काही मिनिटांत आतील हवा बाष्पाने भरते, घाम वाळत नाही व बसणाऱ्याला चिकचिक जाणवते. वर सांगितलेल्या कूलरसाठी समोरच्या बाजूस सुमारे अर्धा चौ. मी. उघडी जागा असावी लागते. याच कारणाने कूलर प्रतीक्षालयाच्या मधोमध ठेवणे ही ढोबळ चूक होय. तो आतलीच दमट हवा पुनःपुन्हा घेत राहतो. त्याच्या ताट्यांना बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे आणि शक्यतो त्यांवर सावली असावी. स्वच्छतागृहाच्या अथवा गाड्यांच्या धुराड्याच्या बाजूस तोंड करून तो बसवू नये, हे सांगण्याची गरज पडू नये. पण जागेच्या सोयीने तसे घडते.

मृग नक्षत्र लागून पाऊस सुरू झाला की, चित्र पालटते. हवा ३०° से. व आर्द्रता ८५ टक्के असताना ओल्या फुग्याचे तापमान सुमारे २८° से. असते व वाव केवळ दोन अंशांचा उरतो. अशा वेळी पंप बंद करून, ताट्या काढून, कूलरचा नुसता पंखा वापरावा. कित्येक स्थानकांत पावसाळ्यातही पाणी चालू ठेवून ओल, बुरशी व कुबट वास यांना आमंत्रण दिले जाते. साचलेल्या पाण्यात एडीस डासांची पैदास होते व तिच्यातून डेंग्यूचा प्रसार होतो. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागत असल्याने आठवड्यातून एक दिवस टाकी कोरडी ठेवण्याचा नियम आहे. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत पत्र्याला चिकटून कोरड्या अवस्थेत कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही, टाकीच्या कडा ब्रशाने घासल्या पाहिजेत. हंगाम संपल्यावर न घासता माळ्यावर टाकलेला कूलर पुढील वर्षी ही अंडी घेऊनच खाली येतो.

विजेपासून संरक्षण : पत्र्याची टाकी, पाणी, ओली फरशी व विजेचे चलित्र एकत्र येत असल्याने कूलर हे घरगुती व सार्वजनिक वापरातील अत्यंत धोक्याचे उपकरण आहे. विजेच्या धक्क्याने होणाऱ्या मृत्यूंच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. पंपाच्या वेष्टनात पाणी शिरणे, घासलेल्या तारेचा पत्र्याला स्पर्श होणे आणि भूयोजन नसणे ही त्यांची नेहमीची कारणे होत. तिपदरी तार व प्रत्यक्ष तपासलेले भूयोजन, ३० मिलिअँपिअर गळतीला मंडल तोडणारा स्विच आणि पाणी भरताना अथवा ताट्या हलविताना विद्युत् गुंडी काढून ठेवण्याची शिस्त या तीन गोष्टींनी हा धोका जवळजवळ नाहीसा होतो. प्रतीक्षालयात कूलरला लहान मुले हात लावतात, प्रवासी त्याच्या पत्र्यावर ओला पंचा वाळत घालतात, याचा विचार करून चाचणी हंगामाच्या आरंभी एकदाच न करता दरमहा करणे इष्ट असते. सफाई कामगाराने पाणी भरावे आणि वीजतंत्र्याने तार पाहावी अशी कामाची वाटणी असेल तेथे पाणी भरणाऱ्यासही गुंडी कोठे आहे हे ठाऊक असले पाहिजे.

पत्र्याची छपरे व पंखे : फलाटावरील व बस स्थानकातील बहुसंख्य लोक प्रतीक्षालयात नसून पन्हाळी पत्र्याखाली उभे असतात. उन्हात हा पत्रा ६०° से. पर्यंत तापला, तर त्याच्या खालच्या पृष्ठाकडून दर चौ. मी. ला ७०० वॉटपर्यंत प्रारण होऊ शकते; ३०° से. तापमानाच्या छतापासून ते ४८० वॉटपेक्षा कमी असते. सावली असूनही डोके तापते, ते या फरकामुळे. चुन्याचा अथवा परावर्तक रंगाचा पांढरा लेप पत्र्याच्या वरच्या बाजूस दिल्याने तापमान बरेच उतरते. धूळ व शेवाळ यांमुळे लेप काळवंडतो, म्हणून होळीच्या सुमारास दर वर्षी तो धुऊन पुन्हा द्यावा लागतो. पत्र्याखाली बांबूची चटई किंवा उष्णतारोधक थर लावला आणि दोहोंमध्ये हवा खेळण्यास फट ठेवली, तर परिणाम अधिक टिकतो. छपराच्या शेंड्याशी उष्ण हवा निसटण्यासाठी उघडी पट्टी ठेवण्याची जुनी पद्धत उत्तम होती. नव्या बांधकामात ती क्वचित दिसते.

पंखा हवा थंड करीत नाही. तो घाम वाळविण्यास मदत करतो. हवा त्वचेहून थंड असेपर्यंत त्याचा निश्चित लाभ होतो. ती ४०° से. च्या वर गेल्यावर पंखा शरीराला अधिक उष्णता पुरवितो, म्हणून त्या तापमानानंतर पंख्यावर विसंबू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने सुचविले आहे. विदर्भातील कोरड्या हवेत घाम पंख्याशिवायही वाळतो, त्यामुळे येथे ही सूचना विशेष लागू पडते. तप्त पत्र्यालगत टांगलेला पंखा तर तेथील सर्वांत उष्ण हवा खाली ढकलतो. अशा दुपारी अंगावरचा ओला पंचा व पिण्याचे पाणी हे पंख्यापेक्षा श्रेष्ठ ठरतात.

म्हणूनच पाणपोई व शीतजल यंत्र हीदेखील स्थानकाच्या शीतनव्यवस्थेची अंगे मानली पाहिजेत. मातीच्या माठात कूलरचेच तत्त्व काम करते : माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपणारे पाणी वाळते व आतील पाणी थंड होते. छिद्रे क्षाराने बुजली की माठ ‘मरतो’ व तो बदलावा लागतो. बाहेरून रंगविलेला माठ तर पहिल्या दिवसापासूनच निकामी असतो. यांत्रिक शीतजल यंत्राचा संघनक भिंतीला चिकटवून ठेवला वा त्याच्या पट्ट्यांत कापूस व धूळ बसली, तर पाणी कोमट येते. गर्दीच्या वेळी टाकी भरभर उपसली जाऊन पाणी थंड होण्यास अवसर मिळत नाही, हा यंत्राचा दोष नसून क्षमतेच्या निवडीचा होय.

वातानुकूलित कक्ष, डबे व गाड्या : आरक्षण व दूरसंदेशवहनाचे संगणक आणि सिग्नलांचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण यांच्या खोल्या यंत्रांसाठी थंड ठेवाव्या लागतात. तेथे वातानुकूलक बंद पडल्यास गाड्यांचे चलनवलन विस्कळीत होऊ शकते, म्हणून दोन संच आळीपाळीने चालवितात व तापमान वाढल्याची सूचना देणारी घंटा ठेवतात.

रेल्वेच्या आधुनिक वातानुकूलित डब्यात छतावर दोन्ही टोकांस प्रत्येकी सुमारे ७ टन क्षमतेचे दोन संच असतात. येथील स्थानकांवर गाड्या थोडाच वेळ थांबत असल्याने त्यांची निगा मूळ आगारात होते. परत येणाऱ्या हवेच्या गाळण्या प्रत्येक फेरीनंतर धुणे व संघनकाच्या पट्ट्या साफ ठेवणे ही त्यांतील प्रमुख कामे होत. हवा कमी थंड झाल्यास प्रशीतक कमी झाला असे गृहीत धरून तो भरण्याची प्रवृत्ती दिसते. बहुधा गाळणी तुंबलेली असते. आर-२२ या जुन्या प्रशीतकाचा वापर ओझोन थराच्या रक्षणासाठी झालेल्या माँट्रिऑल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होत आहे.

ताजी हवा घेण्याच्या झडपा हा दुर्लक्षित भाग आहे. बाहेरील उष्ण हवा थंड करण्यास वीज लागते, म्हणून त्या बंद ठेवण्याचा मोह होतो. मोकळ्या हवेत कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ४२० असते; प्रवाशांनी भरलेल्या बंद गाडीत ते दोन हजारांच्या वर जाऊ शकते व जडपणा, डोकेदुखी जाणवते. २०२० मधील कोव्हिड साथीत हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या संदर्भात ताज्या हवेचे महत्त्व पुन्हा लक्षात आले.

राज्य परिवहनाच्या वातानुकूलित ‘शिवशाही’ गाड्या २०१७ मध्ये व विजेवर चालणाऱ्या ‘शिवाई’ २०२२ मध्ये रस्त्यावर आल्या. डीझेल गाडीतील संपीडक एंजिनावर चालत असल्याने स्थानकात एंजिन बंद केले की शीतन थांबते व न उघडणाऱ्या काचांमुळे आतील तापमान झपाट्याने चढते. साध्या गाडीच्या खिडक्या निदान उघडता येतात. वातानुकूलित गाडीची निगा नीट राहिली नाही, तर ती साध्या गाडीहून त्रासदायक होते, असे प्रवासी म्हणतात ते खरे आहे.

आगारातील वायुवीजन : येथे प्रश्न उष्म्याबरोबर विषारी व स्फोटक वायूंचा असतो. गाडीखाली काम करण्यासाठी खणलेल्या खड्ड्यांत इंधनाच्या जड वाफा साचतात. त्या छताजवळच्या पंख्याने निघत नाहीत, खड्ड्याच्या तळाशी शोषनळी लागते. उलट शिसे-अम्ल विद्युत् घटमाला भारित करताना निघणारा हायड्रोजन अतिशय हलका असून छतालगत जमतो, व हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून घटमालेच्या खोलीतील झरोका छताला भिडूनच असावा व तो हिवाळ्यात थंडी वाजते म्हणून कधीही बुजवू नये.

तापन : भंडाऱ्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान साधारणपणे १२°–१३° से. पर्यंत उतरते. इमारती तापविण्याची गरज पडत नाही. फलाटाची वाऱ्याकडील बाजू अडविली तरी पुरते. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे मात्र प्राणघातक ठरते, कारण अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशापासून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडाला वास नसतो. रात्रपाळीच्या चौकीदारांच्या खोल्यांत ही काळजी घ्यावी लागते.

निगेची व्यवस्था : ही कामे मुख्यत्वे हंगामी आहेत व कार्यालयीन व्यवहार आर्थिक वर्षाला बांधलेले असतात, या दोहोंचा मेळ बसत नाही. ताट्या होळीपूर्वी बदलल्या जाव्यात. परंतु जुन्या वर्षाची तरतूद मार्चमध्ये संपलेली असते व नव्या वर्षाची मंजुरी येईपर्यंत एप्रिल सरतो. परिणामी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास कूलर बसतात आणि निम्मा उन्हाळा गेलेला असतो. फेब्रुवारीतच कामाचे आदेश देऊन, दरमहाच्या कामांची यादी कूलरवरच लावून ठेवणे हा अनुभवसिद्ध उपाय होय. यादीत पाणी सोडल्याची व भूयोजन तपासल्याची तारीख असावी. केवळ ‘चालू आहे’ ही नोंद निरुपयोगी असते.

अमृत भारत स्थानक योजनेत भंडारा रोड व तुमसर रोड या स्थानकांचा समावेश असून अशा पुनर्बांधणीत काचेची दर्शनी भाग असलेली बंद दालने करण्याकडे कल असतो. पश्चिमेकडील काचेतून दुपारचे ऊन आत येऊन शीतनाचा भार वाढतो, आणि वीज गेल्यावर अशा दालनात झरोक्याची जुनी वाटही उरत नाही.

शीतनाची वाटणी हाही निगेचाच भाग समजला पाहिजे. वरच्या वर्गाच्या प्रतीक्षालयातील यंत्र बिघडले की तक्रार लगेच नोंदली जाते. हमाल, फेरीवाले, मार्गावर काम करणारे गँगमन व लोहमार्ग-फाटकावरील कर्मचारी यांच्याकडून तशी तक्रार येत नाही. फाटकघर ही बहुधा एकाच खोलीची, चारही बाजूंनी उन्हात असलेली इमारत असते व तेथील माणसाला गाडी येईपर्यंत जागा सोडता येत नाही. त्याला पांढरा लेप दिलेले छप्पर, पश्चिमेला एक कडुनिंब, पाण्याने भरलेला माठ आणि समोरासमोर दोन खिडक्या मिळाल्या, तर लहानसा कूलरही तेथे पुरा पडतो.